कॅट-आय पॉलिशची कॅसेट

ताई : उलटी घातली असशील.

धाकटा : ताई, कॅसेट उलटी घातली की दुसरी बाजू वाजते. शांतता वाजत नाही.

ताई : मग आवाज वाढव.

धाकटा : वाढवलाय.

कॅसेट : शूऽऽऽऽऽ.

ताई : हे बघ, येतंय की काहीतरी! सुरुवातीला समुद्र आहे का?

धाकटा : माझ्या अख्ख्या अल्बममध्ये पाण्याचा थेंब नाही.

ताई : मला वाटलं कलात्मक काहीतरी असेल. तुझं काय सांगावं! आणि कुजबुजू नकोस. कुजबुजलं की घशावर जास्त ताण येतो. एक तर नीट बोल, नाहीतर गप्प बस.

धाकटा : हेच माझं नीट बोलणं आहे आता.

दाजी : काऽऽय मेव्हणेऽऽ! कधीऽऽ आलात?

ताई : अहो, ओरडताय काय! आवाज त्याचा गेलाय, कान नाही गेले!

दाजी : सवय गं. ऑपरेशन झालेल्या माणसाशी आपोआप मोठ्याने बोललं जातं. बरं, आज दाखवायला गेला होतास ना? काय म्हणाले डॉक्टर?

धाकटा : दार लावा, पंखा बंद करा, सुट्टे आहेत का, एवढं बोलता येईल म्हणाले. गाणं विसरा.

दाजी : अरे वा! म्हणजे बोलता येणार!

ताई : अहो! गाणं विसरा म्हणाले.

दाजी : ऐकलं मी. त्यातल्या त्यात बरं काय होतं, ते उचललं.

धाकटा : म्हणून इकडे आलो. घरातलं मशीन विकून टाकलं होतं. ऑपरेशननंतर स्वतःला ऐकायची हिंमतच झाली नाही. आज वाटलं, ऐकू एकदा. एका ठिकाणी तरी मी धडधाकट आहे.

ताई : आणि नेमकी हीच खराब निघावी! थांब, कपाटातली जांभळी लाव. माझ्या पार्लरचा नमुना म्हणून ठेवलीय मी ती. काय रेघ आलीय बघ जांभळीवर! हलवली की मांजराच्या डोळ्यासारखी चमकते. परवा एक बाई नखं करायला आली आणि म्हणाली, मला नखांवर अगदी या कॅसेटसारखं हवं.

कॅसेट : शूऽऽऽऽऽ.

धाकटा : ताई, हिच्यातही नाही.

ताई : हिरवी बघ.

कॅसेट : शूऽऽऽऽऽ.

ताई : ही जरा वेगळी वाटतेय नाही? या शूमध्ये थोडी चाल आहे.

धाकटा : पंखा आहे तो तुझा.

दाजी : सरका, सरका. मशीनचाच दोष असणार. तुम्ही कलाकार लोक मुळाशी जात नाही. मला पद्धतशीर तपासू दे. ही माझी जुनी इंग्रजी शिकायची कॅसेट. ही वाजली तर मशीन निर्दोष.

कॅसेट : रिपीट आफ्टर मी. धिस इज माय अंकल. माय अंकल इज अ हॅपी मॅन.

दाजी : मशीन निर्दोष आहे.

ताई : बंद करा त्या अंकलला.

धाकटा : ताई, एक सांग. ही मांजराच्या डोळ्यासारखी रेघ कशी काढतेस?

ताई : कॅट-आय ना? सोपं आहे रे. या पॉलिशमध्ये बारीक चकाकी असते, धुळीसारखी. पॉलिश ओलं आहे तोवर वर मॅग्नेट धरायचा. मग ती सगळी चकाकी एका जागी गोळा होते, रेघ उमटते, की लगेच दिव्याखाली ठेवून वाळवायचं. आता नखाला मॅग्नेटची एवढीशी कांडी पुरते. पण कॅसेट केवढी मोठी! त्या कांडीने नुसतेच ढग यायचे. मी तर रडकुंडीला आले होते. तुला सांगू, यांचं डोकं चाललं म्हणून...

दाजी : जाऊ दे गं. माझं कशाला कौतुक.

ताई : नाही, का नाही सांगायचं? यांनी तुझा तो फाटका स्पीकर फोडला. जिन्याखाली पडलेला, मोठा.

दाजी : आत एवढं जाडजूड कडं निघालं मॅग्नेटचं! काय ताकद रे त्याची! माझा चष्मा नाकावरून ओढून घेतला. हिची कात्री चिकटली, ती इकडून हिने आणि तिकडून मी अशी ओढून काढली. तशी मी बसकण मारली ती थेट पेडिक्युअरच्या टबात.

ताई : पाण्यासकट.

धाकटा : आणि ते कडं तुम्ही कॅसेटवर धरलंत.

ताई : प्रत्येक कॅसेटवर. घाई अजिबात नाही केली हो मी. रेघ पक्की बसेपर्यंत हात हलू दिला नाही.

धाकटा : एका बाजूने?

ताई : एका कशी? दोन्ही बाजूंनी! तुझं काम मी अर्धवट करीन का?

धाकटा : ताई, टेपवर गाणं कशाने लिहितात, माहितीय?

ताई : कशाने?

धाकटा : लोहचुंबकाने.

दाजी : आणि पुसतात कशाने?

धाकटा : त्यानेच, दाजी.

कॅसेट : माय अंकल हॅज अ बिग हाउस.

ताई : अहो, बंद करा म्हटलं ना!

दाजी : केलं, केलं. बटण अडकलं होतं.

ताई : म्हणजे... सगळ्या?

धाकटा : ज्या ज्या कॅसेटवर रेघ सुंदर आलीय, त्या सगळ्या.

ताई : सगळ्यांवर सुंदर आलीय रे! एकदोन वाईट जमल्या असत्या तर! अरे, मग तू मला आधी सांगायचं नाहीस?

धाकटा : काय सांगायचं? की ताई, कॅसेटवर स्पीकर फोडून लोहचुंबक धरू नकोस? हे कुणाला सांगावं लागतं?

ताई : मला लागतं! मी नखं करते!

दाजी : हे बघा, आवाज चढवून काही होणार नाही. म्हणजे तू चढवू शकत नाहीस, मी हिला म्हणतोय. कुठल्याही धंद्यात मूळ प्रत नावाची एक चीज असते. या कॅसेट मूळ प्रतीवरून काढल्यास ना? मग मूळ प्रत काढ, परत भर. संपला विषय.

धाकटा : हो. मूळ आहे. पलंगाखाली, लाकडी पेटीत. तेवढंच बरं.

ताई : लाकडी पेटीत?

धाकटा : हो. का?

ताई : पेटीत नाहीये ती.

धाकटा : मग कुठेय?

ताई : तू दवाखान्यात होतास. ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी. गळ्याला नळ्या, तोंडातून शब्द निघत नव्हता. कॅसेट रंगवायला न्यायच्या म्हणून मी तुझ्या खोलीवरून सगळं तिथे आणलं तुला विचारायला. आठवतंय? पिशवी दाखवली, तू मान हलवलीस. लाकडी पेटी उघडून दाखवली, तर तू त्यातल्या कॅसेटवर बोट ठेवलंस, मग हात असा छातीवर ठेवलास. आणि डोळे मिटलेस.

धाकटा : म्हणजे ही माझ्याजवळ राहू दे.

ताई : मला वाटलं, ही काळजाजवळची आहे, हिच्यावर जास्त मेहनत घे.

धाकटा : ताई...

ताई : मी हो म्हटलं, तर तू हसलास! मला वाटलं कळलं मला तुझं! तीन हात दिलेत रे तिच्यावर. सोनेरीवर काळा, काळ्यावर परत सोनेरी. प्रत्येक हाताला वेगळी रेघ. वाढदिवसाला द्यायची म्हणून ठेवलीय. ही बघ.

धाकटा : सुंदर आहे.

ताई : असं नको ना बोलूस.

धाकटा : खरंच सुंदर आहे गं. हलवली की चमकते.

दाजी : लाव तरी एकदा. चमत्कार होतात.

कॅसेट : शूऽऽऽऽऽ.

दाजी : नाही झाला.

ताई : कॉम्प्युटरमध्ये? मोबाइलमध्ये? आजकाल सगळं आपोआप कुठेतरी वर जाऊन बसतं म्हणतात ना? ढगात का कुठे?

धाकटा : मी जाऊ दिलं नाही.

ताई : का?

दाजी : तू विसरलीस? आपल्या दिवाणखान्यात बसून याने आपल्याला समजावलं होतं की. कॉम्प्युटरमध्ये घातलं की गाण्याचं लोणचं होतं, टेपवर असतं तोवर ते ताजं. मी विचारलं, एखादी प्रत असू दे ना मोबाइलवर, मला गाडीत ऐकता येईल. तर माझ्याकडे असं बघितलंस, जणू मी तुझ्या मुलीला मागणी घातली.

धाकटा : हो. म्हणालो होतो मी.

दाजी : टोमणा नाही मारत हो. फक्त आठवण.

ताई : आधी कुणाला ऐकवलं होतंस का? बाजूला बसणारं, साथीला कुणी?

धाकटा : साथीला कुणी नव्हतं. मीच वाजवलं, मीच गायलो, मीच भरलं. एकदा ऐकवलं होतं, फोनवरून. तुला.

ताई : मला?

धाकटा : पहिलं गाणं. भरून झाल्या झाल्या. तू म्हणालीस, स्पीकरवर टाकते.

ताई : तेव्हा माझा ड्रायर चालू होता.

धाकटा : तू म्हणालीस, छान आहे, डोळ्यांत पाणी आलं.

ताई : पाणी आलं होतं! त्या बाईचं जुनं पॉलिश काढत होते मी, त्या औषधाचा वास डोळ्यांना झोंबतो... नाही, पण थांब, चाल आठवतेय मला. लाऽ ला ला, लालाऽ ला...

धाकटा : ती फरशी पुसायच्या औषधाची जाहिरात आहे.

ताई : देवा!

दाजी : पण चाल तीच आहे हं अगदी. मी ओळखली असती.

ताई : बरं, तुला शब्द पाठ आहेत ना? चाली पाठ आहेत? मग एखाद्या चांगल्या गायकाकडून गाऊन घेऊ. मी बघते. माझ्याकडे एक मुलगी येते नखं करायला, काय गळा आहे तिचा...

धाकटा : ताई, गाणी कुठे गेली नाहीत. ती मला झोपेतही येतात. डॉक्टर म्हणाले होते, गाठ काढली की आवाजाचं काही सांगता येत नाही. म्हणून महिनाभर दार लावून बसलो आणि भरलं. गाण्यांसाठी नाही. मी कसा गायचो, ते कुठेतरी राहावं म्हणून.

दाजी : हे बघ, आता मी जे बोलणार आहे ते तुम्हाला कोरडं वाटेल. पण एक वस्तुस्थिती लक्षात घ्या. कॅसेट सगळ्या खपल्या. लोकांनी त्या फुलदाणीशेजारी मांडून ठेवल्यात, फोटो टाकलेत. आणि आजपर्यंत एकाचीही तक्रार नाही. एकाचीही! याचा अर्थ काय?

धाकटा : की कुणी लावलीच नाही.

दाजी : की ग्राहक समाधानी आहे! एकाने तर नक्की लावलीय. तो समीक्षक, दाढीवाला. त्याने लिहिलंय. हा बघ, मी जपून ठेवलंय. मला तेव्हा कळलं नव्हतं, पण मोठं वाटलं म्हणून ठेवलं. ऐक. 'या अल्बममध्ये गायकाने गाण्यालाच नकार दिला आहे. पहिल्या क्षणापासून एक सलग खरखर आपल्याला घेरून टाकते. आपण गाण्याची वाट पाहतो आणि हळूहळू उमगतं, की वाट पाहणं हेच गाणं आहे.'

ताई : मेल्याने पूर्ण ऐकली!

दाजी : पुढे आहे. 'दुसऱ्या बाजूला तर तो आणखी निर्दय होतो.'

धाकटा : दुसऱ्या बाजूवर अंगाई होती.

दाजी : 'इतक्या धाडसी शांततेनंतर या कलाकाराने पुन्हा कधी गाऊ नये.'

ताई : अहो, पुरे!

दाजी : स्तुती आहे गं ती.

धाकटा : त्याची इच्छा पूर्ण झाली म्हणा.

दाजी : मी काय म्हणतो, लोक दुसऱ्या खेपेची चौकशी करतायत. गुलाबीत मिळेल का विचारतायत. आता तू मनाला लावून न घेता विचार कर. कोऱ्या कॅसेट आणायच्या, हिने रंगवायच्या, संपलं. तुला घसा ताणायला नको, भरायला नको. मॅग्नेट धरलं काय, नाही धरलं काय! तुझ्या तब्येतीला याहून सोयीचा अल्बम सापडणार नाही.

ताई : तुम्हाला ना, खरंच, एखाद्या दिवशी मी दिव्याखाली ठेवून वाळवणार आहे.

धाकटा : बरोबर बोलतायत ते, ताई. मी गायलो काय, नाही गायलो काय, कॅसेट तेवढ्याच खपल्या असत्या. मला वाटायचं, मी गाणं देतोय आणि तू त्याला कपडे शिवतेयस. लोकांनी कपडेच घेतले.

ताई : असं म्हणू नकोस रे. मी तर... थांब. थांब, थांब, थांब! एक बिघडली होती!

धाकटा : काय बिघडली होती?

ताई : निळी! माझं कोपर लागलं आणि पॉलिश ओघळलं. नुसता डाग! मी म्हटलं, ही काही द्यायच्या लायकीची नाही. तशीच वाळवून बाजूला ठेवली. रेघ नाही काढली तिच्यावर. मॅग्नेट लावलाच नाही मी तिला!

धाकटा : नक्की?

ताई : तुझ्या गळ्याची... नाही, गळ्याची नको, माझी शपथ. त्या खालच्या खणात टाकली होती. कुठे गेली? इथेच होती. अहो, तुम्ही बघितलीत का डागवाली निळी?

दाजी : निळी म्हणजे अगदी निळी, का आकाशी?

ताई : डाग असलेली!

दाजी : ती आहे.

धाकटा : कुठे?

दाजी : सुखरूप आहे. माझ्या बॅगेत आहे.

ताई : मग काढा ना! देवासारखे धावून आलात बाई! बघ, मी म्हणत नव्हते?

दाजी : काढतो. पण काय आहे, आपल्या संकुलातल्या दुकानदारांच्या अध्यक्षपदाची निवडणूक होती, आठवतंय का? त्याचं भाषण मला जरा घोटून घ्यायचं होतं. आपलं बोलणं बाहेरून कसं ऐकू येतं, हे वक्त्याला कळलं पाहिजे. आणि ही कॅसेट तर तू टाकून दिलेली. डागवाली.

धाकटा : दाजी, मी प्रत्येक कॅसेटची मागची टिकली मोडली होती. ती मोडली की तिच्यावर काहीच भरता येत नाही.

दाजी : हो, सुरुवातीला घेतच नव्हती. मग मी त्या भोकावर चिकटपट्टी लावली.

धाकटा : किती बोललात?

दाजी : विषय मोठा होता. पार्किंग, लिफ्ट, पाण्याची टाकी.

धाकटा : एक बाजू भरली?

दाजी : एक बाजू भाषण.

धाकटा : मग दुसरी आहे?

दाजी : दुसऱ्या बाजूला आभाराचं.

ताई : कशाचे आभार? पडलात ना तुम्ही!

दाजी : आधीच करून ठेवलं होतं. ऐनवेळी सुचत नाही मला.

धाकटा : आभार काही अख्खी बाजू चालत नाहीत. लावा. दुसरी बाजू लावा.

कॅसेट : ...आणि शेवटी, ज्यांनी मला मत दिलं नाही, त्यांनाही मी मोठ्या मनाने... कोण? हो, आलो गं! ...वाढलंय? आलो, आलो.

ताई : हे तुम्ही जेवायला आलात ते. आता बंद केलं असेल ना?

दाजी : बंद करायला विसरलो वाटतं.

कॅसेट : खडखड. ...अहो, मीठ कमी आहे का? ...नाही गं, बरोबर आहे... खडखड.

ताई : मी आहे ही. तुम्ही आमचं जेवण भरलंत?

धाकटा : पुढे घ्या. आणखी पुढे. आणखी.

कॅसेट : घुर्रऽऽ. घुर्रऽऽ.

ताई : आणि ही तुमची वामकुक्षी.

धाकटा : शेवटपर्यंत आहे.

दाजी : मेव्हणे, मला खरंच वाटलं होतं कोरी आहे. सुरुवातीला मी बटण दाबलं तेव्हा आत कुणीतरी होतं, पण मला वाटलं रेडिओ लागला. मी चिकटपट्टी शोधेपर्यंत ते वाजतच होतं.

धाकटा : काय म्हणालात?

दाजी : वाजत होतं म्हटलं. पहिल्या बाजूला. मग मी भरायचं बटण दाबलं.

धाकटा : मागे न्या. पहिली बाजू, अगदी पहिल्यापासून.

ताई : हळू. हळू दाबा. तुमचा हात लावू नका दुसऱ्या बटणाला! मी दाबते. सरका.

कॅसेट : ...झालं का सुरू? हं. ...टिंग, टिटिंग, टिंग. सांज सरता सरता या— अर्रर्र! (हसणं) अरे, चुकलोच की. थांब, थांब. परत घेऊ. ...हॅलो, हॅलो! व्यासपीठावरील मान्यवर आणि माझ्या व्यापारी बंधू-भगिनींनो, लिफ्टच्या प्रश्नाकडे—

दाजी : बंद करतो. मला बंद करतो.

ताई : अय्या, हसलास तू.

धाकटा : हो.

ताई : गाणं कुठेय? हे तर नुसतं चुकलेलं आहे. हे कशाला ठेवलंस कॅसेटमध्ये?

धाकटा : जसं झालं तसं ठेवायचं होतं. मजा वाटली होती.

ताई : 'परत घेऊ' म्हणतोयस. किती सहज म्हणतोयस. मला हे ऐकायचंय पुन्हा. मागे घेते.

कॅसेट : ...सांज सरता सरता या— अर्रर्र!

ताई : जरा मोठा करा ना हो आवाज.

दाजी : पूर्ण मोठा केलाय गं. एवढाच आहे.